आवडीची यादी आणि आस्वादकाची जबाबदारी : 'दशावतार' या हेवी मेटल अल्बमच्या निमित्ताने

१. प्रस्तावना

चाहता आणि समीक्षक या दोन परस्परविरोधी भूमिका आहेत, असा समज आपल्या अध्यापनव्यवहारात दृढ झालेला दिसतो. चाहता भारावतो, समीक्षक तपासतो. चाहता यादी करतो, समीक्षक निकष मांडतो, अशी ही वाटणी आहे. विद्यार्थ्याने आवडत्या गाण्याविषयी उत्साहाने लिहिलेले टिपण आपण 'भावनिक' असा शेरा मारून परत करतो. मात्र न आवडलेल्या कवितेचे त्याने केलेले निर्विकार रसग्रहण विनातक्रार स्वीकारतो. प्रस्तुत लेखात या वाटणीचा फेरविचार करण्याचा अल्पसा प्रयत्न केला आहे. त्यासाठी हेवी मेटल हा संगीतप्रकार आणि त्यातही मुंबईच्या 'डेमॉनिक रिझरेक्शन' या बँडचा २०१७ साली प्रसिद्ध झालेला 'दशावतार' हा अल्बम विवेचनासाठी घेतला आहे.

येथे आरंभीच एक गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. प्रस्तुत लेखक या संगीताचा तटस्थ अभ्यासक नसून गेली वीस वर्षे त्याचा चाहता आहे. ही मर्यादा आहे हे मान्य करूनही, चाहतेपणातूनच समीक्षेचा एक प्रश्न कसा उभा राहतो हे दाखविणे हाच या लेखाचा हेतू आहे.

२. यादीची घडण

लेखकाचे बालपण छत्रपती संभाजीनगर, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादच्या शहागंज भागात गेले. घड्याळाचा मनोरा, बसस्थानक, फळांच्या गाड्या, अजान, वाहकांच्या हाळ्या आणि लग्नसराईतील बँड या सर्वांच्या एकत्रित नादात वाढलेल्या मुलाला मोठ्या आवाजाचे संगीत परके वाटण्याचे कारण नव्हते. २००४-०५ च्या सुमारास हे संगीत आमच्यापर्यंत आले ते एमपीथ्री सीडीच्या रूपाने. एका सीडीत शंभर-दीडशे गाणी असत आणि ती इंग्रजी वर्णानुक्रमे लागलेली असत. परिणामी 'आयर्न मेडन'च्या १९८२ च्या 'द नंबर ऑफ द बीस्ट' या अल्बममधील शेवटचे गाणे, फाशीची वाट पाहणाऱ्या कैद्याचे मनोगत, आम्ही मध्येच कोठेतरी ऐकत असू. ते अल्बमच्या अखेरीस येते आणि म्हणूनच त्याला समारोपाचे वजन आहे, हे पुढे कळले.

वहीच्या शेवटच्या पानावर आवडत्या अल्बमची यादी करण्याची सवय याच काळातील. त्या यादीत प्रत्येक गाण्याला त्याच्या मूळ क्रमात परत बसवावे लागे. आज मागे वळून पाहताना जाणवते की ती पाठशुद्धीच होती. चाहत्याने नकळत संहितेचा क्रम, तिची एकसंधता आणि तिचे वर्ष शोधून काढले होते. संशोधनपद्धतीच्या तासाला आपण जे शिकवितो त्याचा पहिला धडा त्या पानावर गिरवला गेला.

यादीतील नावेही बोलकी होती. 'ब्लॅक सॅबथ'चा १९७० चा पहिला अल्बम, 'आयर्न मेडन'चा 'पॉवरस्लेव्ह' (१९८४), 'मेटॅलिका'चा 'मास्टर ऑफ पपेट्स' (१९८६) आणि 'स्लेअर'चा 'रेन इन ब्लड' (१९८६) ही त्यातील कायमची चार. 'पॉवरस्लेव्ह'मधील अखेरचे गाणे तेरा मिनिटांहून अधिक काळ चालते आणि ते कोलरिजच्या १७९८ मधील वृद्ध खलाशाच्या कवितेवर आधारलेले आहे. पदवीच्या वर्गात ती कविता समोर आली तेव्हा तिचे कथानक लेखकाला आधीच पाठ होते. 'मास्टर ऑफ पपेट्स'चे शीर्षकगीत मादक पदार्थांच्या गुलामीविषयी आहे. तेथे बोलतो तो व्यसनी माणूस नव्हे, खुद्द व्यसन. निवेदक कोण, हा कथनमीमांसेतील प्रश्न आम्ही प्रथम तेथे विचारला.

'ब्लॅक सॅबथ'चा गिटारवादक टोनी आयॉमी याच्याविषयीची हकीकत तर शहागंजात सहज समजली. बर्मिंगहॅममधील पत्र्याच्या कारखान्यात वयाच्या सतराव्या वर्षी त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबण्याचा हात हाच होता. बोटांना घरी बनविलेल्या टोप्या बसवून आणि हलक्या तारा वापरून तो पुन्हा वाजवू लागला. पुढे तारांचा ताण कमी करण्यासाठी त्याने वाद्य खालच्या स्वरात लावले. या संगीताचा जड, खोल नाद काही अंशी त्या अपघातातून आला आहे. चिकलठाणा आणि वाळूजच्या औद्योगिक वसाहतींत कामाला जाणाऱ्या आमच्या गल्लीत प्रेस मशीनवर बोट गमावलेला माणूस अनोळखी नव्हता. जुलै २०२५ मध्ये या बँडचा अखेरचा कार्यक्रम बर्मिंगहॅममध्येच झाला आणि त्यानंतर काही दिवसांतच गायक ऑझी ऑस्बोर्न यांचे निधन झाले, तेव्हा या कामगारवस्तीतील नादाचीच आठवण प्रथम झाली.

३. भयाचा आस्वाद : एक जुना मराठी प्रश्न

हेवी मेटलवरील मुख्य आक्षेप असा की त्यात मृत्यू, युद्ध, किळस आणि आक्रोश यांचाच बाजार आहे. नाट्यशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर रौद्र, भयानक आणि बीभत्स हे त्याचे प्रमुख रस. २००३ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या एका मेटल बँडने तर 'भयानक मौत' हेच नाव धारण केले. परंतु अप्रिय भावनांपासून आनंद का मिळतो, हा प्रश्न मराठी समीक्षेला नवा नाही. १९२१ च्या बडोदे येथील साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षपदावरून न. चिं. केळकर यांनी 'सविकल्प समाधी'ची कल्पना मांडली. वाचक काव्यातील भूमिकेशी तादात्म्य पावतो, पण त्याच वेळी स्वतःचे स्वत्वही राखतो आणि या दुहेरी अवस्थेतून आनंद निर्माण होतो, असा तिचा आशय. या उपपत्तीवर पुढे पुष्कळ आक्षेप घेतले गेले. तरीही चाहत्याची स्थिती समजून घेण्यास ती आजही उपयुक्त वाटते.

घशातून काढलेल्या गुरगुराटी आवाजाचेही तसेच. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत सुरू केलेल्या परंपरेतील नाटकांत राक्षसपार्टी आरडाओरडा करीत, थयथयाट करीत रंगभूमीवर येई. म्हणूनच त्या नाटकांना पुढे थट्टेने 'अललडुर्र' म्हटले गेले. कोकणातील दशावतारी खेळात संकासुर आजही प्रेक्षकांसमोर येतो. ज्या रंगभूमीचा आरंभच राक्षसाच्या आरोळीने झाला, तिच्या वारसदारांनी मेटल गायकाच्या गर्जनेला केवळ गोंगाट म्हणावे, यात विस्मरणाचा भाग अधिक आहे.

स्वरांच्या बाबतीत एक उदाहरण पुरेसे आहे. 'ब्लॅक सॅबथ'च्या पहिल्या अल्बममधील पहिल्या गाण्याचा धसका ज्या स्वरांतरात आहे, ते आपल्या भाषेत षड्ज आणि तीव्र मध्यम यांमधील अंतर होय. युरोपीय संगीतपरंपरेत या अंतराशी सैतानाचे नाव जोडले गेले. आपल्याकडे मात्र हेच दोन स्वर यमनात, दिवेलागणीच्या वेळी, शांतपणे नांदतात. भय स्वरांतच वसलेले असते असे नव्हे. ते मांडणीत आणि ऐकणाऱ्याच्या संस्कारात असते. ऐकणारा कोठे उभा आहे, हा प्रश्न म्हणून टाळता येत नाही.

४. 'दशावतार' : एका अल्बमचे वाचन

महाराष्ट्रात या संगीताला स्वतःचा इतिहास आहे. १९८६ पासून मुंबईत भरणाऱ्या 'इंडिपेंडन्स रॉक' महोत्सवाने आणि धोबी तलावाच्या रंगभवनाने एक श्रोतृवर्ग घडविला. १ फेब्रुवारी २००८ रोजी 'आयर्न मेडन'ने आपल्या जागतिक दौऱ्याचा प्रारंभच मुंबईतून केला. साहिल मखिजा यांनी २००० साली मुंबईत स्थापन केलेला 'डेमॉनिक रिझरेक्शन' हा याच वातावरणातील बँड होय. 'अ डार्कनेस डिसेंड्स' (२००५) पासून 'द रिटर्न टू डार्कनेस' (२०१०) पर्यंत त्यांची कल्पसृष्टी अंधार आणि दैत्य यांचीच होती. २०१० मध्ये त्यांना लंडनच्या 'मेटल हॅमर' या नियतकालिकाचा पुरस्कारही मिळाला. मात्र ही कल्पसृष्टी युरोपीय मेटलच्या चौकटीतील होती.

पाचव्या अल्बममध्ये, म्हणजे 'दशावतार'मध्ये, ते घरच्या सामग्रीकडे वळले. दहा अवतारांवर दहा गाणी, प्रत्येक गाण्याला अवताराचे नाव आणि त्यापुढे इंग्रजीत एक उपाधी, अशी त्याची रचना आहे. काव्य इंग्रजीत आहे. गर्जनेचे आणि सुरेल गायनाचे आलटून पालटून येणे हे या बँडचे जुने वैशिष्ट्य येथेही आहे. मत्स्यापासून कल्कीपर्यंतचा क्रम असल्यामुळे हा अल्बम सुटा ऐकता येत नाही. वर्णानुक्रमाने लागलेल्या सीडीवर वाढलेल्या चाहत्याला हा क्रमच प्रथम मोहवितो. नरसिंहाचे आख्यान तर या संगीतासाठीच रचले असावे असे वाटते. खांब फुटणे, उंबरठा, संध्याकाळ आणि नखे यांत रौद्र, भयानक आणि बीभत्स हे तिन्ही रस एकवटले आहेत. लेखकाच्या यादीत २०१७ पासून भारतीय अल्बममध्ये 'दशावतार' पहिल्या स्थानावर होता.

५. नववे गाणे

काही वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गात मिथकांच्या पुनर्निर्मितीविषयी बोलताना लेखकाने मोठ्या उत्साहाने या अल्बमचे उदाहरण दिले आणि दहा गाण्यांची नावे फळ्यावर लिहिली. नवव्या नावाशी एक विद्यार्थिनी थांबली. 'सर, ही यादी कोणाची?' एवढेच तिने विचारले. त्या तासाला लेखकापाशी उत्तर नव्हते. नववे नाव बुद्धाचे होते.

प्रश्न साधा नव्हता. ज्या शहरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये महाविद्यालय सुरू केले आणि पुढे ज्याला 'मिलिंद' हे नाव मिळाले, त्या शहरातील वर्गात तो विचारला गेला होता. ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपूर येथे दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी पाचवी प्रतिज्ञा बुद्धाला विष्णूचा अवतार मानण्यास स्पष्ट नकार देते. म्हणजे जी यादी बँडला घरची, सर्वपरिचित आणि निर्विवाद सामग्री वाटली, तीच या शहरातील लक्षावधी माणसांच्या दृष्टीने जाणीवपूर्वक नाकारलेली यादी आहे. लेखकाने तो अल्बम असंख्य वेळा ऐकला होता. पण नागसेनवनापासून काही किलोमीटरवर राहून ऐकला होता, हे त्याच्या ध्यानात आले नव्हते.

येथे दोन सोपी उत्तरे संभवतात. एक, संगीताला असे प्रश्न विचारू नयेत. दुसरे, असा अल्बम यादीतून वगळावा. ही दोन्ही उत्तरे समीक्षेची नव्हेत. बँडने प्रचलित परंपरा स्वीकारली, त्यात हेतुतः अवमान दिसत नाही. बाराव्या शतकातील जयदेवाच्या गीतगोविंदातही बुद्धाची गणना अवतारांत आहे. पण परंपरा एकच नसते. महाराष्ट्रातील कित्येक पारंपरिक दशावतारचित्रांत नवव्या स्थानी विठ्ठल उभा असतो. अवतारांची यादी स्थिर नव्हती. ती कोणीतरी, कोठेतरी, कशासाठी तरी केली. विद्यार्थिनीचा प्रश्न नेमका हाच होता.

या प्रश्नानंतर अल्बम पुन्हा ऐकला असता त्यातील एक अंतर्गत ताण ध्यानात आला. उपाध्या पाहाव्यात : मासा, कासव, वराह, नरसिंह, वामन या देहाच्या खुणा, परशुधारी ही शस्त्राची, राजपुत्र आणि गोपाल या कुळाच्या व व्यवसायाच्या, कल्कीची उपाधी संहाराची. बुद्धाची उपाधी मात्र 'शिक्षक' अशी आहे. शस्त्र, संहार किंवा चमत्कारिक देह यांपैकी काहीही त्या नावाला चिकटत नाही. ज्या संगीताचे व्याकरण युद्धाचे आहे, त्याला उपदेश करणारा माणूस चौकटीत बसविताना नावापुरती का होईना, वेगळी भाषा वापरावी लागली. म्हणजे यादी जे सांगते त्याला तिच्यातीलच एक शब्द मुकाट्याने विरोध करतो. लेखकाच्या मते या अल्बमची मर्यादा आणि त्याचे महत्त्व दोन्ही या एकाच ठिकाणी आहेत. बँडने अवतारकथा घेतल्या, पण त्या कथांवरील वाद घेतले नाहीत. मेटलसारख्या बंडखोर म्हणविणाऱ्या कलाप्रकाराला तो वादच अधिक जवळचा ठरला असता.

६. समारोप

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, चाहत्याचा उत्साह हा समीक्षेचा शत्रू नव्हे. क्रम, पाठ, निवेदक आणि रस यांविषयीची पहिली जाण तोच देतो. भारावून शंभर वेळा ऐकले नसते, तर नवव्या नावातील विसंगती एकशे एकाव्या वेळी ऐकू आली नसती. दुसरी, हा उत्साह सविकल्प असला पाहिजे. गाण्यात बुडताना आपण शहागंजात, नागसेनवनाच्या शेजारी उभे आहोत, हे विसरले की रसिकता केवळ समाधी उरते. तिसरी, प्रत्येक यादी एक विधान असते. ती अवतारांची असो, अभ्यासक्रमातील ग्रंथांची असो किंवा वहीच्या शेवटच्या पानावरील आवडत्या अल्बमची असो; ती कोणाची, हे विचारण्याचा अधिकार ऐकणाऱ्याला आहे.

'दशावतार' आजही लेखकाच्या यादीत आहे. फक्त त्याच्या नावापुढे आता एक प्रश्नचिन्ह काढलेले आहे. ते लेखकाने काढलेले नसून त्याच्या विद्यार्थिनीने काढले आहे, याची नोंद येथे कृतज्ञतापूर्वक करावीशी वाटते. आवडत्या गाण्याविषयीचे पुढचे टिपण हाती येईल, तेव्हा 'भावनिक' हा शेरा मारण्यापूर्वी आपण अध्यापकांनी ते एकवार पूर्ण वाचावे, एवढीच या लेखाची अपेक्षा आहे.