फेरोइलेक्ट्रिक संशोधनातील मायक्रोवेव्हचा दावा : एक चिकित्सा

सिंहस्थाच्या पर्वणीला त्र्यंबकेश्वरी कुशावर्ताभोवतीच्या चिंचोळ्या जागेत प्रचंड जनसमुदाय एकवटतो. पाठीशी ब्रह्मगिरीचा कडा उभा असतो. अशा ठिकाणी लहरींचा झोत हव्या त्या दिशेला वळविणारा अँटेना बिनतारी संदेशवहनास उपकारक ठरतो. फेरोइलेक्ट्रिक पदार्थाचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक विद्युत् दाबाने बदलता येतो व त्यायोगे लहरीची कला बदलते. म्हणूनच बेरियम स्ट्राँशियम टायटनेटवरील अनेक महाविद्यालयीन शोधनिबंधांचा समारोप ‘मायक्रोवेव्ह साधनांसाठी उपयुक्त’ या शब्दांनी होतो. हा दावा तपासून पाहण्याजोगा आहे.

पदार्थाच्या गोळीला चांदीचा लेप देऊन एलसीआर मीटरवर मापन होते, ते बहुधा १ मेगाहर्ट्झपर्यंत. मोबाईलची सेवा मात्र ९०० मेगाहर्ट्झ, १८०० मेगाहर्ट्झ आणि २०२२ पासून भारतात सुरू झालेल्या ५जी सेवेत ३.३ गिगाहर्ट्झच्या पुढील पट्ट्यांत चालते. कमी वारंवारतेला कणसीमांवर साचलेला विद्युत्भार स्थिरांक फुगवितो. गिगाहर्ट्झला तो भार लहरीच्या गतीने हलूच शकत नाही. फुगलेला आकडा तेथे गैरलागू ठरतो.

याहून मोठी विसंगती वेगळीच आहे. रुंद हिस्टेरेसिस वक्र हा पदार्थाचा गुण म्हणून सादर केला जातो, आणि लगेच मायक्रोवेव्हचा उल्लेख येतो. वस्तुतः अशी बहुतेक साधने पॅराइलेक्ट्रिक अवस्थेत वापरतात, कारण फेरोइलेक्ट्रिक अवस्थेतील डोमेन-भिंतींमुळे ऊर्जाव्यय वाढतो. बेरियम टायटनेटचे क्युरी तापमान सुमारे १२० अंश सेल्सिअस. स्ट्राँशियम ४० टक्क्यांच्या घरात नेल्यास ते ० अंशाच्या आसपास उतरते. स्ट्राँशियम मिसळण्याचे हे प्रयोजन निबंधात क्वचितच स्पष्ट होते. विद्युत् दाबाखाली स्थिरांक किती बदलला व ऊर्जाव्यय किती झाला, हे दोन्ही आकडे एकत्र दिल्याशिवाय उपयुक्ततेची भाषा निराधार राहते.

या पदार्थाला व्यावसायिक यश लाभले तेही अपेक्षेहून वेगळ्या जागी. पॅराटेक कंपनीने हँडसेटमधील अँटेनाच्या जुळवणीसाठी त्याचे बदलते कॅपॅसिटर बनविले; २०१२ मध्ये ब्लॅकबेरीच्या उत्पादकांनी ती कंपनी विकत घेतली. झोत वळविण्याचे काम मोबाईल जाळ्यांत मुख्यतः अर्धवाहक मंडलांकडे गेले.

महागड्या नेटवर्क ॲनलायझरची सबब पुढे येते, आणि ती अगदीच खोटी नाही. तथापि पदव्युत्तर प्रयोगशाळेतील एक्स-बँड बाकावर, ८.२ ते १२.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात, आयताकृती पोकळीत पदार्थाची बारीक काडी ठेवून अनुनादाचे सरकणे व रुंदावणे मोजता येते. मापन ढोबळ असेल, पण ते मायक्रोवेव्हचे असेल.