'सन्स ऑफ अनार्की' : चाहत्यांच्या चर्चेतील न्यायविचार

प्रास्ताविक

दूरचित्रवाणी मालिकांची समीक्षा बहुधा संहिता, अभिनय आणि निर्मितीमूल्ये यांभोवती फिरत राहते. मालिका वर्षानुवर्षे पाहणारा, तिच्याविषयी आग्रहाने वाद घालणारा चाहता या समीक्षेत क्वचितच येतो. हेन्री जेनकिन्स यांच्या 'टेक्स्चुअल पोचर्स' (१९९२) या ग्रंथाने चाहता हा निष्क्रिय ग्राहक नसून अर्थ घडविणारा वाचक असतो, ही भूमिका अभ्यासविश्वात रुजविली. त्याआधी स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार प्रेक्षक दृक्‌संदेश तीन प्रकारे ग्रहण करू शकतो : तो संदेश जसाच्या तसा मान्य करतो, काही अंशी मान्य करतो किंवा त्याला विरोध करतो. या दोन्ही विचारांमुळे चाहत्याला प्रतिष्ठा लाभली. मात्र तो जे बोलतो त्याची गुणवत्ता कशी ठरवावी, हा प्रश्न मागे राहिला. 'सन्स ऑफ अनार्की' या अमेरिकन गुन्हेपटमालिकेविषयी तिच्या चाहत्यांत झालेल्या चर्चेच्या आधारे या प्रश्नाचा विचार करणे, हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन होय.

मालिकेचे स्वरूप

कर्ट सटर यांनी निर्मिलेली ही मालिका 'एफएक्स' या वाहिनीवर ३ सप्टेंबर २००८ रोजी सुरू झाली आणि सात पर्वे व ९२ भाग पूर्ण करून ९ डिसेंबर २०१४ रोजी संपली. कॅलिफोर्नियातील चार्मिंग या काल्पनिक गावात एक मोटारसायकल क्लब आहे. वाहनदुरुस्तीचे गॅरेज हा त्याचा उघड व्यवसाय, तर शस्त्रांची चोरटी विक्री हा खरा. क्लबचा तरुण उपाध्यक्ष जॅक्स टेलर याला दिवंगत वडील जॉन यांचे हस्तलिखित सापडते. क्लब आपल्या मूळ वाटेवरून कसा भरकटला, याची कबुली त्यात आहे. वडिलांचा जुना सहकारी क्ले मॉरो आता क्लबचा अध्यक्ष आहे आणि जॅक्सची आई जेमा हिचा पतीही. येथून पुढे सात पर्वे पिता, पुत्र, माता आणि सत्ता यांचा संघर्ष चालतो. जेमाची भूमिका करणाऱ्या केटी सेगल यांना २०११ मध्ये गोल्डन ग्लोब पुरस्कार मिळाला.

कथेच्या पार्श्वभूमीला इतिहासाचा आधार आहे. १९४७ मध्ये कॅलिफोर्नियातील हॉलिस्टर येथे मोटारसायकलस्वारांच्या मेळाव्यात गोंधळ झाला आणि वृत्तपत्रांनी त्याला मोठी प्रसिद्धी दिली. १९५३ च्या 'द वाइल्ड वन' या चित्रपटाने तेथूनच प्रेरणा घेतली. १९४८ मध्ये 'हेल्स एंजल्स' हा क्लब स्थापन झाला. या क्लबचे प्रसिद्ध नेते सनी बार्जर यांनी मालिकेत छोटी भूमिका केली, तर क्लबचे माजी सदस्य डेव्हिड लाब्रावा यांनी तांत्रिक सल्लागार म्हणून काम करून 'हॅपी' हे पात्रही रंगविले. वास्तव आणि कल्पित यांच्यातील ही जवळीक चाहत्यांच्या चर्चेला सतत इंधन पुरवीत राहिली.

'हॅम्लेट'शी तुलना : साम्य आणि सीमा

या मालिकेच्या चाहत्यांचा सर्वांत आवडता उद्योग म्हणजे तिची शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'शी तुलना. जॅक्स म्हणजे हॅम्लेट, क्ले म्हणजे क्लॉडियस, जेमा म्हणजे गर्ट्रूड आणि जॉनचे हस्तलिखित म्हणजे पित्याचे भूत, अशी जुळणी केली जाते. निर्मात्यांनीच तिला खतपाणी घातले आहे. चौथ्या पर्वातील अखेरच्या दोन भागांची शीर्षके हॅम्लेटच्या सुप्रसिद्ध स्वगताची आठवण करून देतात आणि मालिकेच्या अगदी शेवटी पडद्यावर त्याच नाटकातील ओळी उमटतात. मराठी वाचकाला हे नाटक परके नाही. गोपाळ गणेश आगरकरांनी 'विकारविलसित' (१८८३) या नावाने ते मराठीत आणले. मनोविकारांचा खेळ हेच या नाटकाचे मर्म, असे त्या शीर्षकावरून सूचित होते.

परंतु ही तुलना जुळणीवर थांबली, तर तिचा उपयोग मर्यादित ठरतो. साम्यस्थळांची यादी करणे ही समीक्षेची पहिली पायरी होय. साम्य कोठे तुटते हे पाहणे ही दुसरी. 'हॅम्लेट'मध्ये पित्याचे भूत सूडाची आज्ञा देते आणि पुत्र कचरतो. 'सन्स ऑफ अनार्की'मध्ये याच्या नेमके उलट घडते. पित्याचे हस्तलिखित हिंसेपासून दूर जाण्यास सांगते आणि पुत्र मात्र एकामागून एक हत्या करताना फारसा थबकत नाही. हॅम्लेटची शोकान्तिका कृतीच्या विलंबातून, तर जॅक्सची कृतीच्या उतावळेपणातून जन्मते.

दुसरा भेद अधिक महत्त्वाचा आहे. हॅम्लेटच्या पित्याचे भूत मातेला शासन करू नको, तिला ईश्वराच्या हवाली कर, असे बजावते. जॅक्स मात्र आपल्या आईला स्वतःच्या हाताने ठार करतो. येथे मालिका शेक्सपिअरला सोडून ग्रीक शोकान्तिकेकडे, एस्किलसच्या 'ओरेस्टेइया'कडे (इ. स. पू. ४५८) वळते. त्या नाट्यत्रयीच्या अखेरीस मातृहत्येचा खटला अथेन्सच्या न्यायसभेपुढे येतो, मतदान होते आणि रक्ताच्या सूडाची जागा कायदा घेतो. मालिकेतही मतदान आहे. क्लबच्या लांब टेबलाभोवती बसलेले सदस्य जीवनमरणाचे निर्णय मतांनी घेतात. मात्र हे टेबल कधीच न्यायसभा होत नाही, कारण क्लबचे हित हेच त्याचे एकमेव प्रमाण असते. पहिल्या पर्वात ओपी फितूर झाल्याच्या खोट्या संशयावरून क्ले टेबलाला न विचारताच त्याच्या हत्येचा हुकूम देतो आणि त्यात ओपीची निरपराध पत्नी डॉना बळी पडते. शेवटच्या भागात जॅक्सला मृत्युदंड देण्याचे मत एकमताने पडते, आणि तेच सदस्य प्रेमापोटी त्याला निसटू देतात. म्हणजे टेबलाचा कायदा आधी सत्तेपुढे आणि अखेरीस मायेपुढे वाकतो. 'हॅम्लेट'ची जुळणी करण्यात रमलेल्या चर्चेतून हा न्यायाचा प्रश्न बहुधा निसटतो.

टारा आणि जेमा : न्यायाची दोन मापे

चाहत्यांच्या चर्चेतील सर्वांत कडवट वाद जॅक्सची पत्नी टारा हिच्याविषयी झाले. टारा नवजात अर्भकांवर शस्त्रक्रिया करणारी डॉक्टर आहे. सहाव्या पर्वात (२०१३) ती मुलांना या जगातून बाहेर काढण्यासाठी खोटे बोलते, गर्भवती असल्याचा बनाव रचते आणि सरकारी वकिलांशी बोलणी करते. पर्वाच्या अखेरीस गैरसमजातून जेमा तिची निर्घृण हत्या करते. टाराने क्लबचा आणि पतीचा विश्वासघात केला, हा आक्षेप प्रेक्षकांच्या एका मोठ्या गटाने घेतला. ज्या मालिकेत शस्त्रविक्री आणि हत्या हे नित्याचे व्यवहार आहेत, तेथे मुलांसाठी रचलेला बनाव अक्षम्य ठरावा, ही विसंगती विचार करावयास लावणारी आहे.

हा अनुभव एका मालिकेपुरता नव्हता. ऑगस्ट २०१३ मध्ये, म्हणजे टाराची ही कथा पडद्यावर येण्याच्या सुमारास, 'ब्रेकिंग बॅड' मालिकेत स्कायलर व्हाइटची भूमिका करणाऱ्या अ‍ॅना गन यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लेख लिहून आपल्या पात्राविषयीच्या प्रेक्षकांच्या तीव्र द्वेषाची मीमांसा केली. गुन्हेगार नायकाच्या आड येणारी पत्नी प्रेक्षकाला नकोशी होते, कारण ती त्याच्या रंजनाच्याही आड येते. टारा निघून गेली असती तर कथाच संपली असती. तिचे यश म्हणजे प्रेक्षकाचे नुकसान.

जेमाविषयीची चर्चा याहून गुंतागुंतीची आहे. जेमाने केलेले अपराध टाराच्या तुलनेत कितीतरी भीषण आहेत. तरीही तिला चाहत्यांची माया लाभली. केटी सेगल यांचा अभिनय हे त्याचे एक कारण निश्चितच आहे. दुसरे कारण असे की, जेमा जे काही करते ते कुटुंब आणि क्लब यांच्या नावाने करते. म्हणजे पात्रांना दोषी किंवा निर्दोष ठरविताना चाहत्यांचा एक गट क्लबचेच माप वापरतो. क्लबला धरून जे केले ते क्षम्य, क्लबला सोडून जे केले ते पाप. हॉल यांच्या परिभाषेत हा संदेशाचा पूर्ण स्वीकार होय. येथे चाहता टेबलाभोवतीची एक खुर्ची स्वतःच अडवून बसतो.

याउलट दुसऱ्या गटाने सातव्या पर्वाच्या संदर्भात उपस्थित केलेला प्रश्न अस्सल समीक्षेचा आहे. टाराला चिनी टोळीने मारले, असे जेमा जॅक्सला खोटेच सांगते आणि त्या असत्यावर विसंबून जॅक्स सूडाचे सत्र आरंभतो. त्यात मरणाऱ्यांचा टाराच्या मृत्यूशी काहीच संबंध नसतो. प्रेक्षकाला मात्र सत्य पहिल्यापासून ठाऊक असते. म्हणूनच या पर्वातील प्रत्येक हत्या पाहताना, आपण कशाचा आनंद घेत आहोत, असा प्रश्न सजग प्रेक्षकाला पडतो.

शेवटाचा वाद

मालिकेच्या शेवटी जॅक्स वडिलांच्या मोटारसायकलवरून समोरून येणाऱ्या ट्रकवर स्वतःला झोकून देतो. वडिलांचा मृत्यूही ट्रकच्या धडकेतच झालेला असतो. हे प्रायश्चित्त आहे की पलायन, याविषयी चाहत्यांत दोन तट पडले. प्रायश्चित्ताच्या बाजूने पाव, मद्य व पसरलेले हात या ख्रिस्ती प्रतिमांचा दाखला दिला जातो. क्लबमधील वर्णभेदाचा नियम मोडून पहिल्या कृष्णवर्णीय सदस्याला याच भागात प्रवेश मिळतो, याकडेही लक्ष वेधले जाते. पलायनाच्या बाजूचा युक्तिवाद असा की, ज्यांची घरे उद्ध्वस्त झाली त्यांच्यापैकी कोणालाही जॅक्सच्या मरणाने काही परत मिळत नाही.

या वादात जॅक्सचेच एक मागणे निर्णायक मानता येईल. आपण चांगले नव्हतो, गुन्हेगार आणि खुनी होतो, हे मुलांना योग्य वेळी सांगितले जावे. त्यांनी आपला तिरस्कार करीतच मोठे व्हावे, असे तो निरोपाच्या वेळी सांगतो. स्वतःचे आणि वडिलांचे लिखाणही तो जाळून टाकतो. आपली कथा पुढच्या पिढीला मोहिनी घालील, ही भीती त्यामागे आहे. ॲरिस्टॉटलने ज्याला अभिज्ञान म्हटले, ते जॅक्सला उशिरा का होईना, होते. मात्र यातून चाहत्यापुढे पेच उभा राहतो. नायक ज्या आकर्षणाची राख करू पाहतो, तेच आकर्षण चाहता जपून ठेवतो. क्लबच्या बोधचिन्हांचे कपडे विकत घेणारा प्रेक्षक जॅक्सचे शेवटचे मागणे नाकारीतच असतो.

हा पेच केवळ कलेपुरता नाही. १७ मे २०१५ रोजी टेक्सासमधील वेको येथे प्रतिस्पर्धी मोटारसायकल क्लबांच्या चकमकीत आणि पोलिसांच्या गोळीबारात नऊ जण मरण पावले. १७७ जणांना अटक झाली, परंतु कोणालाही शिक्षा झाली नाही आणि उरलेले खटले २०१९ मध्ये मागे घेण्यात आले. मालिकेमुळे असे घडते, असे म्हणण्यास आधार नाही. एवढेच लक्षात येते की, पडद्यावरची शोकान्तिका नायकाच्या बोधाने पूर्णत्वाला जाते, तर प्रत्यक्षातील हिंसेला असा समारोप लाभत नाही.

रसिकता आणि पक्षपात

भारतीय काव्यशास्त्रात या पेचावर प्रकाश टाकणारा विचार आढळतो. भट्टनायकाने मांडलेल्या आणि अभिनवगुप्ताने विकसित केलेल्या साधारणीकरणाच्या संकल्पनेनुसार रसास्वादात भाव 'माझा' किंवा 'त्याचा' राहत नाही. अभिनवगुप्ताने सांगितलेल्या रसविघ्नांत स्व-पर भेदात अडकून पडणे हे एक प्रमुख विघ्न आहे. जो प्रेक्षक जॅक्सचा राग स्वतःचा राग करून टाराचा द्वेष करतो, तो या विघ्नात सापडलेला असतो. त्याची भावना तीव्र असते, पण तीव्रता म्हणजे सहृदयता नव्हे. सहृदय प्रेक्षक जॅक्सच्या दुःखाशी तन्मय होतो आणि त्याच वेळी टाराच्या, डॉनाच्या दुःखालाही हृदयात जागा देतो. तन्मयता आणि पक्षपात यांतील हे अंतर चाहत्यांच्या चर्चेचे मूल्यमापन करताना कसोटी म्हणून वापरता येते.

निष्कर्ष

१. चाहत्यांची चर्चा ही एकसंध गोष्ट नाही. तीत क्लबची मूल्ये स्वीकारणारा आणि त्यांची चिकित्सा करणारा, असे दोन्ही स्वर आढळतात.

२. 'हॅम्लेट'शी केलेली तुलना साम्यापेक्षा भेदाच्या ठिकाणी अधिक फलदायी ठरते. मातृहत्या आणि मतदान या दोन घटकांमुळे मालिका 'ओरेस्टेइया'च्या जवळ जाते. मात्र सूडाकडून कायद्याकडे होणारा प्रवास तीत पूर्ण होत नाही.

३. टारा आणि जेमा यांच्याविषयीच्या भिन्न निवाड्यांतून, कथेचे रंजनमूल्य नैतिक निर्णयावर कसा प्रभाव टाकते, हे स्पष्ट होते.

४. चाहत्याला अर्थनिर्मितीचे श्रेय देणे जेवढे आवश्यक, तेवढेच त्याच्या अर्थाची परीक्षा करणेही आवश्यक आहे. त्याला सहृदयतेच्या कसोटीवर पारखणे हाच त्याचा खरा सन्मान होय. आपण ज्याच्यावर प्रेम केले तो खुनी होता, हे कोणतीही सबब न सांगता आणि प्रेमही न नाकारता म्हणू शकणारा चाहता शोकान्तिकेचा खरा वाचक ठरतो.