चूकभूल द्यावी, पण घेणार कोण?

कॅरल टॅव्हरिस आणि एलियट ॲरनसन यांच्या 'मिस्टेक्स वेअर मेड, बट नॉट बाय मी' या पुस्तकाचं नाव मराठीत आणायला गेलं की अडचण येते. इंग्रजीत त्यातली खोच लगेच कळते. 'चुका झाल्या' एवढंच म्हणायचं, त्या कोणी केल्या ते सांगायचं नाही, ही राजकारण्यांची आणि कंपन्यांच्या अधिकाऱ्यांची ठरलेली पळवाट. मराठीत मात्र 'चूक झाली' असं आपण रोज म्हणतो आणि त्यात कोणी पळ काढतोय असं वाटत नाही. 'माझं चुकलं' या वाक्यात तर चूक करणारा 'मी' कर्ता म्हणून दिसतच नाही, तरी ऐकणाऱ्यापर्यंत कबुली पूर्ण पोचते. उलट 'मी चूक केली' हे पोलिसांसमोरच्या जबाबासारखं वाटतं. घरात असं सहसा कोणी बोलत नाही.

भाषेचा हा फरक किरकोळ वाटेल, पण पुस्तक वाचताना तो माझ्या डोक्यातून गेला नाही. कबुली ही बोलणाऱ्याच्या मनात घडणारी गोष्ट आहे, की बोलणारा आणि ऐकणारा यांच्यात घडणारी? पुस्तकाचा भर पहिल्या उत्तरावर आहे. मला दुसरं उत्तर जास्त पटतं.

आधी पुस्तकाची बाजू. ते २००७ साली आलं आणि २०२० मध्ये त्याची तिसरी आवृत्ती निघाली. ॲरनसन हे लिऑन फेस्टिंगर यांचे विद्यार्थी, आणि पुस्तकाचा पायाही फेस्टिंगरांचाच, म्हणजे 'कॉग्निटिव्ह डिसोनन्स'. 'मी शहाणा आणि सज्जन माणूस आहे' आणि 'मी मूर्खपणा केला' या दोन गोष्टी एकाच डोक्यात सुखाने नांदत नाहीत. त्यांतली दुसरी बदलणं सोपं असतं, म्हणून आपण तिला कारणांचे कपडे चढवतो. फेस्टिंगर आणि कार्लस्मिथ यांच्या १९५९ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांना तासभर कंटाळवाणं काम दिलं आणि मग पुढच्या माणसाला 'काम मजेदार आहे' असं सांगायला लावलं. त्यासाठी काहींना १ डॉलर मिळाला, काहींना २०. नंतर विचारल्यावर १ डॉलरवाल्यांनाच ते काम जास्त आवडल्याचं दिसलं. २० डॉलरवाल्यांकडे खोटं बोलायला कारण होतं, १ डॉलरवाल्यांना ते स्वतःच्या मनात तयार करावं लागलं.

पुस्तकातला सर्वांत उपयोगी भाग म्हणजे पिरॅमिडची उपमा. दोन विद्यार्थी टोकावर शेजारी शेजारी उभे आहेत. परीक्षेतल्या कॉपीबद्दल दोघांचं मत जवळपास सारखंच, धड कडक नाही, धड सैलही नाही. ऐन परीक्षेत एक कॉपी करतो, दुसरा मोह आवरतो. त्यानंतर प्रत्येक जण आपला निर्णय बरोबर ठरवत एकेक पायरी उतरतो आणि तळाला पोचेपर्यंत दोघांत मोठं अंतर पडलेलं असतं. एकाला वाटतं, 'त्यात काय एवढं?' दुसऱ्याला वाटतं, 'असल्यांना काढूनच टाकलं पाहिजे.'

तुम्ही परदेशात राहत असाल तर हा पिरॅमिड तुमच्या ओळखीचा आहे. एकाच वर्गातल्या दोन मित्रांपैकी एक पुण्यात राहिला, एक इकडे आला. निर्णयाच्या वेळी दोघांचीही द्विधा होती, कदाचित एखाद्या पत्राने किंवा फोनने पारडं फिरलं असेल. वीस वर्षांनी भेटल्यावर एकाला तिकडची वाहतूक आणि भ्रष्टाचार दिसतो, दुसऱ्याला इकडचा एकटेपणा आणि मुलांचं तुटलेलं मराठी. ॲरनसन आणि मिल्स यांचा १९५९ चाच आणखी एक प्रयोग सांगतो की प्रवेश जितका कष्टाचा, तितका तो गट नंतर हवाहवासा वाटतो, मग आतली चर्चा कितीही नीरस असो. ग्रीन कार्डाच्या रांगेत अनेक वर्षं काढलेल्या माणसाला 'इथे येणं चुकलं का?' हा प्रश्न नुसता ऐकणंही का जड जातं, याचं हे बऱ्यापैकी उत्तर आहे.

बऱ्यापैकी म्हणतो, पुरेसं नाही. पुस्तकातलं न्यायव्यवस्थेवरचं प्रकरण घ्या. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये १९८९ साली एका स्त्रीवर हल्ला आणि बलात्कार झाला, पाच मुलांना शिक्षा झाली. २००२ मध्ये दुसऱ्याच माणसाने कबुली दिली, डीएनए त्याच्याशी जुळला आणि पाचही जणांची शिक्षा रद्द झाली. तरीही तपासाशी संबंधित काही जण 'आमचं बरोबरच होतं' म्हणत राहिले. लेखक याचं कारण मनातल्या अस्वस्थतेत शोधतात. ती असेलच. पण सरकारी वकिलाने चूक मान्य केली की त्याचं नाव, त्याची बढती, त्याचे जुने खटले आणि शहराची तिजोरी, सगळंच पणाला लागतं. पुढे २०१४ मध्ये न्यूयॉर्कने त्या पाच जणांशी ४ कोटी १० लाख डॉलरना तडजोड केली. अशा ठिकाणी गप्प राहणाऱ्याला स्वतःला फसवावंच लागतं असं नाही. त्याला फक्त हिशोब येत असला तरी पुरतं.

याच्या उलटं उदाहरण विमानवाहतुकीचं. १ डिसेंबर १९७४ रोजी टीडब्ल्यूएचं एक विमान वॉशिंग्टनजवळ उतरताना डोंगरावर आदळलं आणि ९२ माणसं गेली. वैमानिकांनी उतरण्याच्या सूचनेचा चुकीचा अर्थ घेतला होता. सहा आठवडे आधी युनायटेडच्या एका विमानाकडून तिथेच तसाच गैरसमज झाला होता. ते थोडक्यात वाचलं, वैमानिकांनी कंपनीला कळवलं, पण ती माहिती इतर कंपन्यांपर्यंत गेली नाही. त्यानंतर १९७६ मध्ये एक व्यवस्था उभी राहिली. वैमानिकांनी आपल्या चुका नियामकाला नव्हे, नासाला कळवायच्या. नाव काढून टाकलं जातं, आणि चूक मुद्दाम केलेली नसेल आणि दहा दिवसांत कळवली असेल, तर सहसा दंड होत नाही. तेव्हापासून असे लाखो अहवाल आले आहेत. वैमानिकांची मनं वकिलांपेक्षा वेगळ्या मातीची नसतात. त्यांची कबुली घ्यायला कोणीतरी बसलं आहे, एवढाच फरक.

माझ्या क्षेत्रात, संशोधनात, असं कोणी बसलेलं नाही. रसायनशास्त्राचं नोबेल मिळवलेल्या फ्रान्सिस आर्नल्ड यांनी २०२० च्या सुरुवातीला आपला एक शोधनिबंध मागे घेतला आणि आपण काम नीट केलं नाही, असं जाहीरपणे सांगितलं. लोकांनी कौतुक केलं, ते योग्यच होतं. पण हेच एच-वन-बी व्हिसावरचा पोस्टडॉक करू शकेल का? नोकरी गेली तर त्याला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. आखातात ज्यांचा निवासी परवाना मालकाच्या हातात आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. अशा माणसाला धैर्याचे धडे देणं सोपं आहे. पुस्तकाच्या शेवटी लेखक संस्थांकडे आणि संस्कृतीकडे वळतात खरे, पण तोवर वाचकाच्या मनात ठसलेलं असतं ते एवढंच की दोष स्वतःच्या डोक्यात आहे.

आणखी एक गोष्ट. हे पुस्तक ज्या संशोधनावर उभं आहे, तेही आता तपासलं जातंय. मनाविरुद्धचा निबंध लिहायला लावला की मत बदलतं, आणि तो स्वखुशीने लिहिला असं वाटलं तर जास्त बदलतं, असं सिद्धांत सांगतो. २०२४ मध्ये ३९ प्रयोगशाळांनी मिळून हे पुन्हा करून पाहिलं. निबंधाने मतं सरकली, पण स्वखुशीचा अपेक्षित परिणाम दिसला नाही. फेस्टिंगरांनी अभ्यासलेल्या, १९५४ साली प्रलयाची वाट पाहणाऱ्या गटाच्या प्रसिद्ध कथेवरही २०२५ मध्ये जुन्या कागदपत्रांच्या आधारे गंभीर आक्षेप घेतले गेले. सिद्धांत मोडीत निघाला असं मी म्हणणार नाही. मात्र पुस्तकातला आत्मविश्वास थोडा उतरवून वाचावा.

जुन्या मराठी बिलांच्या आणि हिशोबांच्या तळाशी 'चूकभूल द्यावी घ्यावी' असं लिहिलेलं असे. त्याच जागी इंग्रजी बिलावर 'एरर्स अँड ओमिशन्स एक्सेप्टेड' येतं. त्यात लिहिणारा स्वतःला वाचवतो, चूक निघालीच तर मला धरू नका असं सांगतो. मराठी ओळीत दोन्ही बाजू बांधलेल्या आहेत. माझ्याकडे तुमचं जास्त आलं असेल तर मी देईन, कमी आलं असेल तर घेईन, आणि तुम्हीही तसंच करा. चूक मान्य करणं म्हणजे इथे शरणागती नाही, व्यवहार पुढे चालू ठेवण्याची ती अट आहे.

पुस्तक जरूर वाचा. स्वतःची समर्थनं पकडायला ते शिकवतं आणि पिरॅमिडची उपमा तर विसरली जात नाही. फक्त वाचून झाल्यावर 'मी कबूल का करत नाही?' याच्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारा. तुमच्या घरात, प्रयोगशाळेत किंवा महाराष्ट्र मंडळाच्या समितीत शेवटचं 'माझं चुकलं' कोण म्हणालं होतं, आणि त्यानंतर त्याच्याशी कोण कसं वागलं? पुढचा माणूस तोंड उघडेल की नाही, हे बरंचसं तिथेच ठरलेलं असतं.