एकत्र वाचन आणि आपली बालपुस्तके

मराठी बालवाङ्मयाची चर्चा करताना एखादे पुस्तक कोणत्या वयाच्या मुलासाठी लिहिले आहे हे आपण विचारतो. त्यातून कोणता बोध मिळतो हे तर हटकून विचारतो. परंतु ते पुस्तक वीस मुलांच्या घोळक्यात मोठ्याने वाचले असता कानाला कसे लागते आणि दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा ऐकावयास मुले राजी होतात काय, हा प्रश्न आपल्या समीक्षेने फारसा विचारलेला नाही. प्राथमिक वर्गात बालपुस्तकांचा उपयोग करावयाचा, तर हाच प्रश्न पहिला होय, असे आमचे मत आहे. महाराष्ट्रात त्याकडे दुर्लक्ष झाले तरी फारसे बिघडत नाही. रस्ता, शेजार आणि बाजार मिळून उणीव भरून काढतात. बसवनगुडीत वाढणाऱ्या मराठी मुलाला ती सवलत नाही.

आमच्या वाचकांपैकी बहुतेकांची नोकरी बदलीची आहे, तेव्हा त्यांना ही गोष्ट फोड करून सांगावयास नको. मूल शाळेत इंग्रजी शिकते, गांधी बझारात कन्नड ऐकते, वर्गमित्रांशी ह्या दोहोंची मिसळ बोलते आणि घरी मराठी बोलते. पण ही घरची मराठी कोणती? ‘आटप लवकर’, ‘डबा घेतलास का’, ‘दिवा मालव आता’. आज्ञा आणि प्रश्न, एवढ्यातच ती बहुधा संपते. वर्णन, आठवण, शंका, थट्टा आणि ‘एकदा काय झाले’ म्हणून सुरू होणारी लांबलचक हकिकत, ही भाषेची मोठी अंगे त्या मुलाच्या कानावरून क्वचितच जातात. पुढे वडिलांची बदली नागपूरला अगर पुण्याला होते आणि घरी घडाघडा बोलणारा हा मुलगा मराठीच्या तासाला मुका बसतो. त्याला मराठी येत नाही असा शेरा पडतो. वस्तुतः त्याला मराठी येते. गोष्टीची मराठी तेवढी त्याच्या वाट्याला आलेली नसते. ती वाट्याला यावी ह्यासाठी पुस्तक हवे आणि ते चारचौघांत वाचलेले हवे.

एकत्र वाचन ह्या पद्धतीची मांडणी न्यूझीलंडमधील शिक्षणतज्ज्ञ डॉन होल्डवे यांनी १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात केली. निजण्यापूर्वी आईला बिलगून पुस्तक ऐकणारे मूल शाळेत पाऊल टाकण्याआधीच वाचनाच्या वाटेला लागलेले असते, हे त्यांचे निरीक्षण; तो लाभ वर्गातील सगळ्याच मुलांना कसा मिळावा, हा त्यांचा प्रश्न. उत्तर साधे निघाले. पुस्तकच एवढे मोठे करावे की शेवटच्या रांगेतल्या मुलालाही त्यातील अक्षरे दिसावीत. पहिल्या दिवशी शिक्षकाने ओळीखाली बोट फिरवीत ते वाचावे; दुसऱ्या दिवशी पुन्हा येणाऱ्या ओळी मुलांनी त्याच्याबरोबर म्हणाव्यात; तिसऱ्या दिवशी एखादा शब्द कागदाने झाकून तो ओळखावयास लावावा. होता होता मूल तेच पुस्तक हाती घेऊन एकटे बसते.

ह्यावर, ‘हे वाचन नव्हे, पाठांतर आहे’ असा आक्षेप हमखास येतो. आक्षेप घेणाऱ्यांनी आपल्याच घरातील पोथी आठवावी. चातुर्मासात एकजण पोथी वाची आणि भोवती बसलेल्यांना ती निम्मीअधिक तोंडपाठ असे. श्रावणातल्या कहाणीचे शेवटचे वाक्य तर मुले वाचणाराच्या आधीच म्हणून टाकीत. शाळेचे तोंड न पाहिलेल्या कितीतरी आज्यांनी पाठ असलेल्या स्तोत्रावर बोट ठेवूनच अक्षरओळख करून घेतली. ओळखीच्या शब्दावरून अनोळखी अक्षराकडे जावयाचे, ही वाट आपल्याकडे जुनीच आहे. आपल्या शाळांनी मात्र ती सोडली आणि सुटे अक्षर, सुटा शब्द, मग वाक्य अशी चढण बांधली. गोष्ट ह्या चढणीच्या माथ्यावर ठेवलेली असते, आणि पुष्कळ मुले तेथवर पोहोचतच नाहीत.

गोष्टीचे महत्त्व आपल्या शिक्षणतज्ज्ञांना कळले नव्हते असे नाही. गिजुभाई बधेका यांच्या ‘दिवास्वप्न’ ह्या गुजराती पुस्तकातला शिक्षक वर्गावर येतो तो गोष्ट घेऊनच, आणि क्रमिक पुस्तकांच्या पैशांतून वर्गाचे ग्रंथालय उभे करतो. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीस आणि पुढे १९५७ मध्ये कोसबाडला नेलेल्या कामात गोष्ट व गाणे यांना मानाचे स्थान होते. तथापि आपल्याकडे ह्या परंपरेतून रुजले ते प्रामुख्याने गोष्ट सांगणे. सांगणारा चांगला असला की मुलांचे डोळे त्याच्या चेहऱ्यावर खिळतात. एकत्र वाचनात ते पानावर असावे लागतात. हा भेद लहान दिसतो, परंतु परप्रांतातील मुलाच्या बाबतीत सारे त्यावरच अवलंबून आहे.

कसे ते पाहा. येथील पुष्कळ मराठी मुलांना देवनागरी लिपी येते ती शाळेत शिकविल्या जाणाऱ्या हिंदीतून. ते मूल मराठी पुस्तक उघडते आणि ‘ज्ञान’ हा शब्द ‘ग्यान’ असा वाचते. ‘केलं’, ‘मुलं’ ह्यांवरील अनुस्वार ते नाकातून काढते, कारण हिंदीत तो तसाच काढावयाचा असतो. ‘चार’ आणि ‘चारा’ ह्यांतील दोन निराळे च लिपी दाखवीत नाही. ‘जग’ म्हणजे दुनिया की ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, हे छापील अक्षर सांगत नाही. हे कान सांगतो, आणि तेही अक्षरावर डोळा असताना कानावर पडले तरच. पुण्याच्या मुलाला हा उच्चार गल्लीत मिळतो. येथे तो एकत्र वाचनाच्या बैठकीतच मिळावयाचा. कन्नडची मात्र ह्या कामी मदतच होते. कन्नडची वर्णमाला आपल्याच क्रमाची आहे, तिचे कागुणित म्हणजे आपली बाराखडी; ‘ळ’ तिच्यात घरोघरचा आहे आणि ‘कृष्ण’ हा शब्द येथील माणूस आपल्यासारखाच उकार लावून म्हणतो. कन्नड वाचणारे मूल मराठी वाचनाच्या अर्ध्या वाटेवर आलेले असते, हे मराठी पालकांच्या अजून ध्यानात आलेले नाही. पुष्कळजण उलट कन्नडला अडथळा समजतात!

आता पुस्तकांकडे वळू. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’चे नाव प्रथम निघणार हे उघड आहे. १९३५ साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक रात्रींमध्ये विभागलेले आहे. श्याम आपल्या सोबत्यांना रोज रात्री आईची एक आठवण सांगतो. म्हणजे त्याची घडणच श्रवणाची. तरीही पहिली-दुसरीच्या वर्गात ते एकत्र वाचनासाठी घेऊ नये असे आम्ही म्हणतो. त्या पुस्तकापुढे मूल ऐकत बसते आणि फार तर रडते. त्यात सामील व्हावयास त्याला जागा नाही. ते दहा-अकरा वर्षांच्या मुलाने, घर सुटण्याची चाहूल लागल्यावर वाचावयाचे पुस्तक आहे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणेही असाच बाजूला ठेवावा लागतो, कारण अगदी वेगळे आहे. तो एकांतात, जेवणाची हाक ऐकू न येण्याइतके रंगून वाचावयाचा असतो.

विंदा करंदीकरांच्या ‘राणीची बाग’ (१९६१) व ‘एटू लोकांचा देश’ (१९६३) ह्या संग्रहांची गोष्ट निराळी. त्यांतील कविता कोणताही बोध करीत नाहीत, आणि हाच त्यांचा मोठा गुण. लय पक्की असल्याने झाकलेला शब्द मुलाला हेरता येतो. यमक त्याला अर्धे उत्तर देते आणि उरलेले अर्धे तो विनोदाच्या ओढीने शोधतो. होल्डवे यांना जे मोठ्या आकाराच्या पुस्तकातून साधावयाचे होते, ते येथे छंदाने आधीच करून ठेवले आहे. अर्थ उलटासुलटा असूनही, किंबहुना म्हणूनच, मूल अक्षराकडे नीट पाहते. कारण पुढे काय येईल हे नुसत्या व्यवहारज्ञानावरून सांगता येत नाही.

गद्यात असे यश क्वचित दिसते. माधुरी पुरंदरे यांची राधाची आणि यशची पुस्तके हा त्यांतील ठळक अपवाद. लेखिका स्वतःच चित्रकार असल्याने चित्र मजकुराच्या मागे फरफटत येत नाही. मजकुराने गाळलेले ते सांगते, आणि वर्गातील मुले ते आधी पाहतात. त्यांतील मोठी माणसे उपदेश करीत नाहीत, घरातल्यासारखी बोलतात. आमच्या मुलांना हवे आहे ते नेमके हेच. घरची बोलीच, पण हकिकत सांगू शकणारी. त्यांच्याच ‘वाचू आनंदे’ ह्या मालेत मराठी साहित्यातील उतारे चित्रकलेच्या संगतीने ठेवलेले आहेत. ती पुढच्या इयत्तांसाठी घ्यावी.

ह्या शहरातच २००४ साली स्थापन झालेल्या प्रथम बुक्स ह्या संस्थेचा उल्लेख केला पाहिजे. तिने २०१५ पासून ‘स्टोरीवीव्हर’द्वारे अनेक भाषांतील, मराठीतीलही, बालपुस्तके कोणालाही फुकट वाचता व छापून घेता येतील अशी सोय केली. मोठी अक्षरे, थोडी वाक्ये, वाचनाच्या पायऱ्या अशी सारी सिद्धता तेथे आहे. उपकार मोठा आहे, म्हणूनच एक तक्रार नोंदवितो. अशा भाषांतरित पुस्तकांतील मराठी पुष्कळदा अर्थ पोहोचविते आणि तेथेच थांबते. ‘ती खूप आनंदी झाली’ असे वाक्य चुकीचे नाही. पण मराठी आजी ‘तिला कोण आनंद झाला!’ असे म्हणाली असती. पहिले वाक्य वर्गात तीनदा वाचून पाहावे. तिसऱ्या खेपेस वाचणाराच कंटाळतो. भाषांतरकाराने आपला मजकूर छापण्यापूर्वी पाच मुलांपुढे मोठ्याने वाचावा, एवढा निर्बंध पुरे आहे.

कन्नडात हा कान पूर्वीपासून जागा आहे. जी. पी. राजरत्नम् यांची शिशुगीते येथे अजून मुलांच्या तोंडी आहेत. त्यांच्या आधीचे पंजे मंगेशराव (१८७४–१९३७) हे तर घरी कोकणी बोलणारे, शाळाखात्यातले नोकर. नोकरीने कोडगूला नेले तेव्हा तेथील सुगीच्या सणावर त्यांनी कन्नडात गीत रचले, आणि कोडगूने ते आपले मानले. बदलीवरच्या माणसाला ह्याहून चांगला शेजारधर्म कोणता सुचविणार?

एक दोष मात्र पुस्तकांचा नसून आपला आहे. गोष्ट संपते न संपते तोच ‘मग ह्यावरून आपण काय शिकलो?’ असे आपण विचारतो. क्रमिक पुस्तकांतील धड्याखालच्या स्वाध्यायांनी ही खोड लावली. १९६७ साली स्थापन झालेल्या बालभारतीने पाठ्यपुस्तकांचे रूप पुष्कळ पालटले, १९७१ पासून ‘किशोर’ मासिक चालवून अवांतर वाचनाचीही सोय केली. पण धडा म्हणजे प्रश्न हे समीकरण पालकांच्या मनातून गेलेले नाही. हौशीने चालविलेल्या रविवारच्या मराठी वर्गांत तर ते अधिकच घट्ट असते, कारण आठवड्यातील एका तासाचे फळ दिसले पाहिजे अशी घाई असते. एका तासात एकच पुस्तक, आणि महिनाभर तेच, एवढा धीर धरला तर फळ आपोआप दिसेल. प्रश्न मुलांना विचारू द्यावेत.

बसवनगुडीत बी. पी. वाडिया रस्त्यावर इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ वर्ल्ड कल्चर ही १९४५ साली स्थापन झालेली संस्था आहे; तिच्या ग्रंथालयात मुलांचा स्वतंत्र विभाग आहे. संध्याकाळी तेथे निरनिराळ्या घरांची, निरनिराळ्या भाषांची मुले एका बाकावर वाचीत बसावीत, हे ह्या वसतीला साजेसे आहे. मराठी मंडळींनी आपल्या मुलांना घेऊन तेथे जावे आणि घरी परतल्यावर आपले मराठी पुस्तक उघडावे. वीस मुलांना दिसेल अशा अक्षरांत छापलेली मराठी पुस्तके अजून फारच थोडी आहेत. तोवर प्रकाशकाची वाट न पाहता, मोठ्या जाड कागदावर चार-पाच ओळी ठळक अक्षरांत स्वतः लिहून काढाव्यात आणि पान भिंतीला टांगावे. चित्र मुलांकडूनच काढून घ्यावे. कचेरीत टिप्पणी लिहून ज्यांचे अक्षर बिघडले असेल, त्यांनी हे काम घरातील ज्येष्ठांकडे सोपवावे.