कोडमधील 'दुर्गंध' आणि त्यांचे निवारण : मार्टिन फाउलर यांच्या 'रिफॅक्टरिंग' या ग्रंथाची समीक्षा

बीजसंज्ञा : सॉफ्टवेअर देखभाल, कोडमधील दुर्गंध, रिफॅक्टरिंग, चाचणी, मृत कोड

प्रस्तावना :

सॉफ्टवेअर एकदा तयार करून ग्राहकाच्या स्वाधीन केले की काम संपले, असा सर्वसामान्य समज आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. करांचे दर बदलतात, संस्थांचे नियम बदलतात आणि त्यांबरोबर सॉफ्टवेअरही बदलावे लागते. वापरातील सॉफ्टवेअरमध्ये सतत बदल करावे लागतात आणि जाणीवपूर्वक प्रयत्न न केल्यास प्रत्येक बदलागणिक त्याची गुंतागुंत वाढत जाते, असा सिद्धांत मेयर लेहमन यांनी १९७० च्या दशकातच मांडला होता. म्हणजेच बरोबर उत्तर देणारा कोडही हळूहळू असा होऊ शकतो की, त्याला हात लावण्यास कोणी धजावत नाही. हे दोष ओळखावेत कसे आणि दूर करावेत कसे, या प्रश्नाची पद्धतशीर मांडणी करणारा ग्रंथ म्हणजे मार्टिन फाउलर यांचा 'रिफॅक्टरिंग' (१९९९, दुसरी आवृत्ती २०१८) होय. या ग्रंथाचे सामर्थ्य व मर्यादा तपासणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

ग्रंथाची पार्श्वभूमी :

कोडचे बाह्य वर्तन कायम ठेवून त्याची अंतर्गत रचना सुधारणे म्हणजे रिफॅक्टरिंग. ही कल्पना फाउलर यांची स्वतःची नव्हे. विल्यम ऑपडाइक यांनी इलिनॉय विद्यापीठात १९९२ मध्ये याच विषयावर पीएच.डी.चा प्रबंध सादर केला होता. त्याच वर्षी वॉर्ड कनिंगहॅम यांनी अपुऱ्या समजुतीने लिहिलेल्या कोडला कर्जाची उपमा दिली. असे कर्ज वेळीच फेडले नाही, तर पुढील प्रत्येक कामावर त्याचे व्याज भरावे लागते. फाउलर यांनी हे विखुरलेले अनुभव एकत्र केले, सत्तरहून अधिक दुरुस्त्यांची क्रमवार सूची तयार केली आणि केंट बेक यांच्यासह लिहिलेल्या तिसऱ्या प्रकरणात दोषांच्या लक्षणांना 'दुर्गंध' हे नाव दिले. पहिल्या आवृत्तीत असे बावीस दुर्गंध आहेत, तर दुसरीत चोवीस.

ग्रंथाचे सामर्थ्य :

प्रस्तुत लेखकाच्या मते या ग्रंथाचे खरे योगदान दुरुस्तीच्या तंत्रापेक्षा नामकरणात अधिक आहे. अनुभवी प्रोग्रॅमरला एखादा कोड वाचताना अस्वस्थता जाणवते. परंतु नाव नसल्यामुळे ती सहकाऱ्याला पटवून देता येत नाही. 'शॉटगन सर्जरी' हे नाव मिळताच एका लहानशा बदलासाठी दहा ठिकाणी हात घालावा लागतो, ही तक्रार चर्चेचा विषय बनते. एखादे फंक्शन स्वतःच्या क्लासपेक्षा दुसऱ्याच क्लासमधील माहितीत अधिक रमते, त्याला 'फीचर एन्व्ही' म्हटले आहे. पहिल्या आवृत्तीतील यादीच्या अग्रभागी पुनरावृत्त कोड होता. दुसऱ्या आवृत्तीत ते स्थान 'अर्थबोध न होणाऱ्या नावां'ना मिळाले आहे. कोड हा आधी माणसाने वाचावयाचा मजकूर आहे, ही भूमिका येथे अधिक स्पष्ट होते.

एका कल्पित उदाहरणाने हे पाहता येईल. महाविद्यालयाच्या शुल्क-सॉफ्टवेअरमध्ये ५० रुपये विलंबशुल्काचा हिशेब पावती, खतावणी आणि थकबाकीची यादी अशा तीन ठिकाणी स्वतंत्रपणे लिहिलेला आहे. शुल्क १०० रुपये झाल्यावर दोन ठिकाणी दुरुस्ती झाली, तिसरी राहून गेली. पावती व खतावणी जुळतात, यादी मात्र जुळत नाही. तिसरा आकडा बदलला की तात्पुरते भागते. मूळ दोष मात्र तसाच राहतो. फाउलर यांचा मार्ग वेगळा आहे. प्रथम सध्याचे वर्तन पडताळणाऱ्या चाचण्या लिहावयाच्या. नंतर हिशेब 'विलंबशुल्क' नावाच्या एकाच फंक्शनमध्ये आणावयाचा. मग तिन्ही ठिकाणी एकेक करून त्या फंक्शनचा उपयोग करावयाचा आणि प्रत्येक पायरीनंतर चाचण्या चालवून पाहावयाच्या. या काळात यादीतील चूकही जशीच्या तशी ठेवावयाची. ती सुधारणे हे निराळे काम असून ते निराळेच करावयाचे. रचना बदलणे आणि वर्तन बदलणे ही दोन कामे एकाच वेळी करू नयेत, हा या ग्रंथाचा सर्वांत उपयुक्त दंडक होय.

ग्रंथाच्या मर्यादा :

पहिली मर्यादा चाचण्यांच्या गृहीतकाची आहे. फाउलर यांची पद्धत चाचण्यांच्या आधारावर उभी आहे. परंतु ज्या कोडला दुरुस्तीची सर्वाधिक गरज असते त्याच्यासाठी बहुधा चाचण्याच नसतात आणि रचना बदलल्याखेरीज त्या लिहिताही येत नाहीत. ही कोंडी फोडण्याचे काम मायकेल फेदर्स यांच्या जुन्या कोडविषयीच्या २००४ मधील ग्रंथाने केले. चाचण्या नसलेला कोड म्हणजेच वारसा-कोड, अशी त्यांची व्याख्या आहे.

दुसरी मर्यादा मृत कोडविषयीची आहे. दुसऱ्या आवृत्तीत मृत कोड काढून टाकण्याचा उपाय सांगितला असला, तरी दुर्गंधांच्या यादीत त्याला स्वतंत्र स्थान नाही. हा दोष किती महाग पडू शकतो हे १ ऑगस्ट २०१२ रोजी नाइट कॅपिटल या अमेरिकी कंपनीच्या प्रकरणात दिसून आले. 'पॉवर पेग' नावाचा कोड २००३ पासून वापरात नव्हता, पण काढलेलाही नव्हता. त्याला चालू करणारी जुनी खूण नव्या कामासाठी पुन्हा वापरली गेली आणि आठ सर्व्हरपैकी एकावर नवा कोड चढवायचा राहिला. त्या सर्व्हरवर जुना कोड जागा झाला. सुमारे ४५ मिनिटांत लाखो अनावश्यक व्यवहार झाले आणि अमेरिकी रोखे आयोगाच्या २०१३ च्या आदेशानुसार ४६ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले. नवा कोड चढवण्यातील हयगय हे तात्कालिक कारण खरे. परंतु मृत कोड वेळीच काढला असता, तर त्या हयगयीचे इतके भीषण परिणाम झाले नसते.

तिसरा मुद्दा मोजमापाचा आहे. थॉमस मॅकेब यांनी १९७६ मध्ये कोडमधील स्वतंत्र वाटा मोजण्याचे परिमाण सुचविले; आजची तपासणी-साधने अशाच आकड्यांच्या आधारे दोष दाखवितात. फाउलर व बेक मात्र नेमके आकडे देण्याचे टाळतात आणि जाणत्या माणसाच्या विवेकावर भिस्त ठेवतात. या भूमिकेवर संदिग्धतेचा आक्षेप घेता येतो व नवशिक्याच्या दृष्टीने तो रास्तही आहे. तथापि, केवळ आकडा खाली आणण्यासाठी एका फंक्शनचे सात तुकडे केले, तर वाचकाला सात ठिकाणी भटकावे लागते. म्हणून आकडा हा संकेत मानावा, निकाल मानू नये.

भारतीय संदर्भ :

या विषयाचा आपल्याशी थेट संबंध आहे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात वर्षासाठी दोनच अंक राखून ठेवलेल्या जुन्या प्रणाली दुरुस्त करण्याचे मोठे काम मुंबई, पुणे, बंगळूर, चेन्नई येथील कंपन्यांनी केले. फाउलर यांच्या परिभाषेत ती एक प्रचंड 'शॉटगन सर्जरी'च होती. तारखेविषयीचा एकच निर्णय हजारो ठिकाणी विखुरलेला होता. आजही आपल्या असंख्य पदवीधरांच्या वाट्याला प्रथम दुसऱ्याने लिहिलेला कोड येतो. आपल्या प्रात्यक्षिक परीक्षांत मात्र कोऱ्या पडद्यावर नवा प्रोग्रॅम लिहावयास सांगतात आणि अपेक्षित आउटपुट आले की बहुधा पूर्ण गुण मिळतात. परकीय कोड वाचणे, त्यातील दोष नावानिशी सांगणे आणि वर्तन न बिघडविता तो सुधारणे यांची परीक्षा क्वचितच होते.

निष्कर्ष :

१. देखभालीतील दोषांना नावे देऊन त्यांची चर्चा शक्य करणे हे 'रिफॅक्टरिंग' या ग्रंथाचे मुख्य योगदान होय.

२. चाचण्या नसलेला कोड आणि मृत कोड यांबाबत हा ग्रंथ अपुरा पडतो. तो फेदर्स यांच्या ग्रंथासह वाचावा.

३. तपासणी-साधनांचे आकडे विवेकाला साहाय्यक ठरतात. ते विवेकाची जागा घेऊ शकत नाहीत.

४. पदवी स्तरावरील एका तरी प्रात्यक्षिकात विद्यार्थ्यांना सदोष पण चालू स्थितीतील कोड द्यावा आणि त्याच्या वाचनाला व दुरुस्तीला स्वतंत्र गुण ठेवावेत. यासाठी नवीन यंत्रसामग्री लागत नाही. मागील वर्षीच्या विद्यार्थ्यांचे प्रकल्प हेच त्याचे उत्तम साहित्य ठरेल.