समोरचें गाणें आणि सभोंवारचें गाणें

घरीं बसून गाणें ऐकण्यास दोन स्पीकरांची स्टिरिओ योजना पुरे, कीं श्रोत्यास चोहोंकडून वेढणारी सराउंड योजना हवी, हा वाद तसा जुनाच. १९७० नंतरच्या दशकांत चार स्पीकरांची क्वाड्राफोनिक पद्धति बाजारांत आली आणि एकमेकींशीं न जुळणाऱ्या यंत्रप्रकारांच्या भाऊगर्दींत मागें पडली. २०२१ सालीं ॲपल म्युझिकनें डॉल्बी ॲटमॉसमधील संगीत उपलब्ध केल्यावर तोच प्रश्न पुनः पुढें आला. तो बहुधा स्पीकरांच्या संख्येवर लढविला जातो. वस्तुतः तो कलेच्या प्रांतांतला आहे, व त्याचा निकालहि तेथेंच लागला पाहिजे.

प्रथम उभय पक्षांचें बळ पाहूं. ॲलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्यानें १९३१ सालीं पेटंटासाठीं मांडलेली द्विमार्गी ध्वनीची कल्पना विलक्षण होती. दोन स्पीकर व श्रोता समभुज त्रिकोणाच्या तीन कोनांवर असले, म्हणजे स्पीकरांमधील रिकाम्या जागेंतहि ध्वनि उभा राहतो. उणीव ही कीं, हें चित्र नेमक्या जागीं बसलेल्या एकालाच नीट उमटतें. कुटुंबांतील इतरांस तें एका अंगास कललेलें वाटतें. सराउंडच्या रूढ मांडणींत समोर तीन, मागच्या अंगास दोन व खर्जासाठीं एक असे स्पीकर असतात. मधल्या स्पीकरमुळें कडेला बसलेल्यासहि गायक मध्यें राहूं शकतो. शिवाय मोठ्या सभागृहांत कानीं येणारा बराच नाद भिंतींवरून परतलेला असतो; तो मागून यावा हें स्वाभाविकच होय.

मग श्रेष्ठ कोणती? तें रचनेसच विचारावें. बर्लिओझच्या १८३७ सालीं पॅरिसमध्यें प्रथम सादर झालेल्या रेक्विएममध्यें पितळी वाद्यांचे चार ताफे मुख्य समूहाच्या चार कोपऱ्यांवर योजिलेले आहेत. व्हेनिसच्या सेंट मार्क चर्चमध्यें गाब्रिएलीच्या रचनांतील विभक्त समूह परस्परांस उत्तरें देत. येथें अंतर हें अलंकरण नव्हे, रचनेचें अंगच आहे. दोन स्पीकरांत तें कोंबलें तर अर्थाचीच हानि होते.

ख्यालाची गोष्ट निराळी. बैठकींत गायक श्रोत्यांच्या संमुख, तंबोरे त्याच्या पाठीशीं आणि साथीदार दोन्ही अंगांस असतात. समेवर जी दाद जाते ती या समोरासमोरच्या नात्यांतून जाते. तबला श्रोत्याच्या पाठीमागून वाजूं लागला, तर त्याला बैठकींतून उठवून साथीदारांच्या घोळक्यांत बसविल्यासारखें होतें. त्यांत नवल असेल. रसाची वृद्धि मात्र नाहीं.

खरा धोका याहून पुढचा आहे. अब्दुल करीम खाँ १९३७ सालीं निवर्तले. त्यांच्या ध्वनिमुद्रिका एकमार्गी आहेत. आज यंत्र त्या एका नादाचे पांच नाद करून देतें, आणि त्या खोट्या प्रतिध्वनींत सुराची धार बोथट होते. मूळ मुद्रिकेंतील खरखर काढणें ही पाठशुद्धि. नसलेला दिवाणखाना तिच्याभोंवतीं बांधणें हा प्रक्षेप. ज्या भाषेंत एकनाथांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, त्या भाषेच्या वाचकांस हा भेद विस्तारानें सांगावयास नको. मूळ आवाज एकदां विसरला गेला, कीं पुढील पिढी प्रक्षेपालाच मूळ मानील, आणि तिची चूक दाखविणारेंहि कोणी उरणार नाहीं.

म्हणून ज्या घरीं मुख्यतः आपलें रागसंगीत ऐकलें जातें, तेथें सहा सामान्य स्पीकरांपेक्षां दोन उत्तम स्पीकर हेंच शहाणपण. ज्यांना बर्लिओझ वा गाब्रिएली मनापासून ऐकावयाचा आहे, त्यांनीं सराउंडवर अवश्य खर्च करावा. तो चैनीचा ठरणार नाहीं. परंतु जुनी ध्वनिमुद्रिका लावतांना सभोंवारच्या नादाची कळ बंद ठेवावी. कलावंतानें जें दिलें तेवढेंच घेणें, हाहि रसिकतेचा भाग आहे.