कोरा रकाना

धामणगावच्या पोरांनी बर्फ पाहिलेला असतो तो रसवंतीवर, तोही उन्हाळ्यात. आमचा हिवाळा म्हणजे शेकोटी अन् जिनिंगसमोर कपाशीच्या गाड्यांची रांग. अशा वर्गापुढे मी जपानच्या सुवा तळ्याची वही ठेवतो.

तिथले शिंतो पुजारी १४४३ पासून तळं गोठल्याचा दिवस टिपत आले. रात्रीच्या गारठ्यात बर्फ आकसून तडकतो, फटीत आलेलं पाणी गोठतं, दिवसा बर्फ फुगतो आणि फटीच्या कडा गडगडत वर उठतात. लोक म्हणतात, वरच्या देवळातला देव पलीकडच्या देवीला भेटायला गेला. त्या वाटेवरून पुजारी पीकपाण्याचं भाकीतही सांगत. म्हणजे आमच्या भेंडवळच्या घटमांडणीचे हे भाऊबंदच. भाकितं हवेत विरली, नोंद राहिली.

आणि काय नोंद! साल, तिथी, गोठलं. जुन्या तिथी आपल्यासारख्याच चांद्र, अधिक महिन्यासकट; तारखा जुळवताना पोरं घरचं पंचांग काढतात.

खरी गंमत मात्र न गोठलेल्या सालांत आहे. सपना शर्मा, जॉन मॅग्नसन आणि सहकाऱ्यांच्या २०१६ च्या अभ्यासात पहिल्या सुमारे अडीचशे वर्षांत अशी सालं तीनच. १९५५ ते २००४ मध्ये बारा. पुढच्या दहाच वर्षांत पाच. (मधल्या १६८२ ते १९२३ च्या नोंदी एकसारख्या नाहीत म्हणून त्यांनी सरळ बाजूला ठेवल्या. हा संयम मला फार आवडतो.)

एका पोरीनं एक्सेलमध्ये, तळं कितव्या दिवशी गोठलं त्या रकान्यात, न गोठलेल्या सालांपुढे शून्य भरलं. आलेखाची रेघ धाडकन खाली. जणू तळं मोजणी सुरू व्हायच्या दिवशीच गोठलं! मग तिनं रकाना कोरा सोडला. सरासरी निघाली, रेघही शहाण्यासारखी वागली. मी गप्प. मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, गोठलंच नाई ते साल तं हिशेबातूनच गेलं नं!"

गेलंच होतं. सगळ्यांत उबदार हिवाळ्याला तारीखच नसते, म्हणून सरासरीत नेमका तोच गळतो. पुजाऱ्यांनी तो गाळला नव्हता. न गोठलेल्या सालासाठी त्यांच्याकडे वेगळा शब्द आहे, 'मोकळा समुद्र' अशा अर्थाचा. त्या शब्दांची मोजणी वेगळी करावी लागते.

पोरीनं शेजारी नवा रकाना आखला. वर मथळा लिहिला, "देव गेलेच नाई", आणि खाली एकेक साल उतरवू लागली.